फोटो वाघांब्याचा, ठिकाण साल्हेरवाडीचं

प्रश्न : काका, मी शाळेत शिकवते आणि सुट्टीत गडांवरच्या रानफुलांचे फोटो काढते. कॅमेऱ्यात जीपीएस नाही. मैत्रिणीनं सांगितलं की मनगटावरच्या स्मार्टवॉचनं चाल नोंदवली तर नंतर ती फोटोंना जोडता येते. दसऱ्याच्या सुट्टीत साल्हेरला गेलो. पहाटे पावणेसहाला वाघांबे गावात घड्याळ सुरू केलं, दुपारी दीडला साल्हेरवाडीत उतरून बंद केलं. घरी डार्कटेबल या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद जोडली, तर 214 फोटोंपैकी 61 फोटोंनाच ठिकाण मिळालं आणि तेही भलतंच! वाघांब्यात अंधारात काढलेला पाराचा फोटो नकाशावर पार पलीकडच्या उतारावर दिसतो. घड्याळ खराब आहे का? परत करू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, घड्याळ परत करू नका, ते शहाणं आहे. एक गोष्ट मी पैजेवर सांगतो. ठिकाण मिळालेले 61 फोटो सगळे सकाळी आठच्या आतले आहेत, आणि आठनंतरचा एकही फोटो नकाशावर नाही. तपासून बघा.

आता हे मला इथं बसून कसं कळलं ते सांगतो.

घड्याळाची नोंद जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये येते. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. आत हजारो बारीक नोंदी एकाखाली एक असतात, आणि प्रत्येक नोंदीत अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. तुमच्या फाइलमध्ये 20.7 आणि 73.9 च्या आसपासचे आकडे दिसतील, तोच साल्हेर. आता वेळेकडे नीट बघा. तुम्ही सकाळी 6 वाजून 12 मिनिटांनी जिथं होतात, तिथं फाइलमध्ये 00:42 लिहिलेलं असेल आणि वेळेच्या शेपटाला इंग्रजी ‘झेड’ अक्षर. म्हणजे ही जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. पहाटे पाचच्या नोंदीवर तर आदल्या दिवसाची तारीख असते, ते बघून घाबरायचं नाही.

कॅमेरा मात्र फोटोत नुसतं ‘6:12’ लिहून ठेवतो. कुठल्या देशातले 6:12, हे बरेच कॅमेरे लिहीतच नाहीत. डार्कटेबलला कुणी सांगितलं नाही, म्हणून त्यानं तेही जागतिक वेळेतलेच धरले. मग तुमचा 5:52 चा पाराचा फोटो नोंदीतल्या आपल्या 11:22 ला जाऊन चिकटला, तेव्हा तुम्ही बहुधा परशुरामाच्या देवळाकडून उतरायला लागला असाल. खिंडीतला 7:10 चा फोटो गेला 12:40 वर. आणि आठ अधिक साडेपाच म्हणजे दुपारचे दीड, तिथं तुमची नोंद संपली. पुढच्या फोटोंना चिकटायला जागाच उरली नाही.

उपाय दोन मिनिटांचा आहे. डार्कटेबलमध्ये जिओटॅगिंगच्या, म्हणजे फोटोंना ठिकाण जोडायच्या, खान्यात कॅमेऱ्याचा टाइमझोन विचारलेला असतो. तिथं यूटीसी, म्हणजे तीच जागतिक वेळ, दिसत असेल, ते बदलून यादीतून ‘एशिया/कोलकाता’ निवडा आणि नोंद पुन्हा जोडा. फोटो पुन्हा काढावे लागत नाहीत, काहीच बिघडलेलं नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. टाइमझोन दुरुस्त झाल्यावर फोटो साल्हेरच्या योग्य बाजूला येतील, तरी दरवाजाचा फोटो दरवाजावर न पडता वाटेत पुढं-मागं पडेल. कारण कॅमेऱ्याचं घड्याळ. ते आपण विकत घेतल्या दिवशी लावतो आणि विसरतो. महिन्याला काही सेकंद इकडंतिकडं होत वर्ष-दीड वर्षात ते मिनिटांनी चुकतं. घड्याळ चार मिनिटं पुढं असेल आणि तुम्ही तासाला दोन किलोमीटरच्या चालीनं चढत असाल, तर चूक सव्वाशे-दीडशे मीटरची. फुलांच्या नोंदीला एवढी चूक म्हणजे कड्यावरचं फूल पठारावर. तेच फोटो एसटीच्या खिडकीतून काढले असतील आणि गाडी चाळीसच्या वेगानं चालली असेल, तर अडीच किलोमीटरच्या वर गेलात.

मी भूकरमापक म्हणून नोकरी केली. आमची साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, त्यांना आणे म्हणायचं. ओढून ओढून कड्या लांबतात, म्हणून काम सुरू करायच्या आधी साखळी ठरलेल्या खुंट्यांमध्ये ताणून बघायची. आमचे जुने साहेब म्हणायचे, आधी साखळी मोजा, मग शेत मोजा. कॅमेऱ्याचं तसंच करायचं. चालायला सुरुवात करण्यापूर्वी मनगटावरच्या घड्याळाचाच एक फोटो त्या कॅमेऱ्यानं काढायचा. सेकंद दाखवणारी तबकडी लावा. घड्याळाची वेळ फोनवरून आणि उपग्रहावरून लागलेली असते, ती खरी मानायला हरकत नाही. घरी आल्यावर तो फोटो उघडा. फोटोत तबकडीवर 5:50:15 दिसतंय आणि कॅमेऱ्यानं स्वतः 5:54:30 लिहिलंय, तर फरक 4 मिनिटं 15 सेकंद. डार्कटेबलमध्ये तो फोटो निवडून तबकडीवरची वेळ टाइप केली की फरक ते स्वतः काढतं, मग तोच फरक सगळ्या फोटोंना लावायचा. आधी वेळ दुरुस्त, नंतर नोंद जोडायची, हा क्रम उलटा करू नका.

साल्हेरला तुम्ही असा फोटो काढला नसणार. हरकत नाही. सोबतच्या कुणीतरी मोबाइलवर त्याच क्षणी काढलेला एखादा फोटो असेलच, सगळे ओळीनं उभे असतात तसला. मोबाइलची वेळ अचूक असते. दोन्ही फोटोंत हात, मान, डोळे मिटलेला माणूस तोच आहे ना बघा, आणि दोन्हींच्या वेळांची वजाबाकी करा.

माझीच फजिती सांगतो. मुलीकडं दुबईला गेलो होतो, तेव्हा कॅमेऱ्याची वेळ तिथली केली. परत आल्यावर बदलायची राहिली. दीड तासाचा फरक, कॅमेरा मागं. तसाच हरिश्चंद्रगडावर गेलो, पहाटे साडेपाचच्या सुमारास देवळापाशी घड्याळ सुरू केलं आणि सातच्या सुमारास तारामतीवरून सूर्योदय काढला. घरी नातवाला मोठ्या दिमाखात नकाशा दाखवला, तर तो म्हणाला, “आजोबा, फोटोत देऊळ खाली बोटाएवढं दिसतंय, आणि नकाशात तुम्ही देवळातच उभे.” पोरगं नववीत आहे.

घड्याळाविषयी दोन गोष्टी. एक, बॅटरी वाचवण्याचा पर्याय बंद ठेवा. त्यात जीपीएस अधूनमधून झोपतं आणि वळणावळणाची वाट सरळ रेघ होऊन दरीवरून जाते. सेकंदाला एक नोंद ठेवता येत असेल तर तीच ठेवा. दोन, विकत घेताना घड्याळाला स्वतःचं जीपीएस आहे का ते बघा, कारण पुष्कळशी स्वस्त घड्याळं फोनचं जीपीएस उसनं घेतात. परीक्षा सोपी आहे. फोन घरी ठेवून गल्लीला फेरी मारून या, नकाशावर रेघ उमटली तर खरं.

फाइल बाहेर काढायचीही तऱ्हा वेगवेगळी. गार्मिनवाल्यांनी कॉम्प्युटरवर गार्मिन कनेक्ट उघडून त्या चालीच्या पानावरून ‘एक्स्पोर्ट टू जीपीएक्स’ करावं. स्ट्राव्हा या चाल-धाव नोंदवणाऱ्या ॲपवर चाल जात असेल तर तिथंही वेबसाइटवर हीच सोय आहे. ॲपल वॉचवाल्यांना मात्र हेल्थ ॲपमधून सगळीच माहिती एका झिपमध्ये काढावी लागते. आत ‘वर्कआउट रूट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जीपीएक्स सापडतात. म्हणजे एका चालीसाठी सगळ्या वर्षांच्या हृदयाच्या ठोक्यांचं गाठोडं सोडायचं! पण सापडतात.

प्रश्न : माझा कॅमेरा ब्लूटूथनं फोनला जोडला की ठिकाण आपोआप येतं. मग घड्याळाचा खटाटोप कशाला?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं चालतंय तर अजिबात करू नका. माझं ते जोडणं दर दोन तासांनी तुटायचं आणि तुटल्याचं घरी आल्यावर कळायचं, म्हणून मी सोडलं. शिवाय गडावर फोनची बॅटरी मला परतीची गाडी बोलवायला लागते.

प्रश्न : कासच्या परिसरात मला एक कंदीलपुष्प सापडलं. फोटोत अचूक ठिकाण आहे. मित्र म्हणतो, टाकू नकोस. हा अतिरेक नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मित्राचं ऐका. कंदीलपुष्पांच्या पुष्कळ जाती सह्याद्रीबाहेर कुठंच नाहीत, काहींची झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि कंद उपटून नेणारे हात बरेच. फोटोतलं ठिकाण म्हणजे त्यांच्या हातात सातबारा दिल्यासारखंच.

आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, नोंद करायची असेल तर खुशाल करा, अभ्यासकांना ती हवीच असते. धोक्यात नोंदलेल्या जातींचं ठिकाण ते बहुधा आपोआप झाकतात, आणि आपणही हातानं झाकू शकतो. मग लोकांना अक्षांश-रेखांशाच्या 0.2 अंशांच्या चौकोनात कुठंतरी पडलेला ठिपका दिसतो. 0.2 अंश म्हणजे साधारण 22 किलोमीटर, त्यात शोधत बसा म्हणावं. तुमची जात त्या यादीत आहे की नाही याच्या भरवशावर न राहता ‘ऑब्स्क्युअर्ड’, म्हणजे झाकलेलं, हा पर्याय स्वतः निवडा.

व्हॉट्सॲपचं एक लक्षात ठेवा. फोटो म्हणून पाठवलात तर आतलं ठिकाण पुसलं जातं. पण ‘क्वालिटी चांगली येते’ म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर ते जसंच्या तसं जातं. रानफुलांच्या ग्रुपवर लोक नेमकं तेच करतात. डार्कटेबलमधून फोटो बाहेर काढताना ठिकाणाची माहिती सोबत घ्यायची की नाही, हे निवडता येतं. माझी दोन फोल्डरं असतात. एक माझ्यासाठी ठिकाणासकट, दुसरं गावाला दाखवायला.