नववीतली लेक घेऊन बेलव्ह्यूला येताय, तर रनिंग स्टार्टबद्दल

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये पुण्याहून बेलव्ह्यूला येताय, लेक इथे दहावीत बसेल. शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर पदवीसाठी जमा होणारे एकक) मिळतात हे खरं का, आणि आल्याआल्या त्याच्या मागे लागावं का. खरं आहे. माझा मुलगा याच वाटेने गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

वॉशिंग्टन राज्यात या योजनेला रनिंग स्टार्ट म्हणतात. 1990 च्या कायद्याने ती सुरू झाली. सरकारी शाळेतली अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजात) जातात आणि तिथल्या नेहमीच्या वर्गात, मोठ्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून शिकतात. ट्यूशन फी नाही. पुस्तकं आणि किरकोळ फी आपल्या खिशातून. कॉलेजचे 5 क्रेडिट शाळेत 1 क्रेडिट धरले जातात, त्यामुळे एकच विषय दोन्हीकडे मोजला जातो. असोसिएट डिग्रीला (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) 90 क्रेडिट लागतात आणि काही मुलं बारावीबरोबर तीही पूर्ण करतात. तुमच्या भागात बेलव्ह्यू कॉलेज आहे, बॉथेलला कॅस्केडिया, कर्कलंडला लेक वॉशिंग्टन टेक. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना बस फुकट आहे, तेव्हा गाडीची चिंता नको.

एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) हा शाळेत राहून कॉलेजचे क्रेडिट मिळवायचा दुसरा मार्ग: वर्ग शाळेतच, मे महिन्यात परीक्षा, 1 ते 5 गुण. तिथे सगळं त्या एका परीक्षेवर असतं. आपल्या मुलांना ही पद्धत ओळखीची वाटते, म्हणून बहुतेक मराठी घरं डोळे मिटून एपीच घेतात. मला ते पटत नाही. मुलीचा स्वभाव बघा आणि मग ठरवा.

कॉलेजातली टर्म जेमतेम अकरा आठवड्यांची असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा येऊन जाते. निबंध, चर्चा, गृहपाठ सगळ्याला गुण असतात, वर्षअखेरीस जागून भरून काढू म्हणायला जागाच नसते. आणि इथे मिळालेली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रिकेवर) कायम राहते. पुढे कुठेही प्रवेश घेतला तरी ती दाखवावी लागते. सोळाव्या वर्षी मिळालेला 'सी' ग्रेड पुढे वैद्यकीय शाखेचा अर्ज करतानाही सोबत असतो. म्हणून पहिल्या टर्मला एक किंवा दोनच विषय, त्यातला एक तिच्या हातखंड्याचा, बाकी शाळेत. आणखी एक गोष्ट आपल्याला जड जाते: मुलगी अल्पवयीन असली तरी कॉलेजातल्या नोंदींवर हक्क तिचा असतो. प्राध्यापकांना फोन करून 'कशी चाललीय' असं विचारलंत तर ते सांगणार नाहीत. मेल तिलाच लिहावा लागतो, अडचणही तिनेच मांडायची. ज्या मुलीला हे जमतं तिला ही वाट फार मानवते.

आता व्हिसाचं. तुम्ही एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर याल, ती एच-4 या कुटुंबीयांच्या व्हिसावर. एच-4 वरच्या मुलांना रनिंग स्टार्ट खुलं आहे. पण फेडरल आर्थिक मदत त्यांना मिळत नाही, नोकरी करता येत नाही, आणि 21 पूर्ण झाली की एच-4 संपतो. तोवर ग्रीन कार्ड हाती आलं नाही तर सहसा एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, आणि ग्रीन कार्डसाठी भारतीयांची लांब रांग तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे पदवीचं शेवटचं वर्ष नेमकं या वळणावर येतं. आधी कमावलेले क्रेडिट तो काळ कमी करू शकतात. आपल्यासारख्या घरांसाठी या योजनेचं खरं मोल मला इथे दिसतं.

मात्र क्रेडिट कुठे चालतात ते आधीच बघा. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या पदवीला 180 क्रेडिट लागतात, आणि राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचे कोणते विषय तिथे कशाच्या बदल्यात धरतात त्याची यादी ते प्रसिद्ध करतात. विषय निवडताना ती यादी समोर असू द्या. 90 क्रेडिट असले तरी अर्ज पहिल्या वर्षाचाच भरायचा. इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स असेल तर विषयांची साखळी ठरलेली असते, तिथे दोन वर्षं वाचतीलच असं धरू नका. नावाजलेली अनेक खासगी विद्यापीठं हे क्रेडिट घेत नाहीत.

दहावीचं वर्ष तिला रुळू द्या. तुमचं आत्ताचं काम वेगळंच आहे: सातवी ते नववीच्या गुणपत्रिका शाळेच्या सहीशिक्क्यासह आणि गणिताचा अभ्यासक्रम छापून आणा. आपल्याकडे बीजगणित-भूमिती एकत्र चालते, इथे वेगवेगळ्या वर्षी. कागद नसला तर काउन्सेलर (मुलांचे विषय ठरवणारा शाळेचा सल्लागार) तिला खालच्या गणितात बसवू शकतो, आणि मग बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठणं अवघड होतं. पहिल्याच भेटीत त्या कागदांवर बोला. रनिंग स्टार्टची माहितीसत्रं दहावीच्या हिवाळ्या-वसंतात होतात, तेव्हा तिला घेऊन जा आणि प्रश्न तिलाच विचारू द्या.