खात्याचा देश बदलू नका, दुसरं खातं काढा

प्रश्न : ताई, आम्ही 11 वर्षं न्यू जर्सीत आहोत. यंदा गणपतीला वेळणेश्वरच्या घरी आलो. इथल्या बँकेचं ॲप घ्यायला गेलो तर स्टोअर म्हणतं, तुमच्या देशात मिळणार नाही. यांनी आयफोनवर देश बदलायला घेतला, तर आधी सबस्क्रिप्शन्स बंद करा, फॅमिली ग्रुपमधून बाहेर पडा, अशी यादीच समोर आली. माझा अँड्रॉइड आहे. मी इथलं कार्ड टाकून देश बदलला, आणि आता तो परत अमेरिका करता येत नाही! त्यात सासूबाईंना दिलेल्या जुन्या आयफोनवर आमचेच फोटो दिसतात. कुठून सुरुवात करू?

उत्तर : यजमानांनी हात आवरला हे उत्तम केलं. ॲपलच्या खात्याचा देश बदलायचा तर त्यातली शिल्लक संपवावी लागते, सबस्क्रिप्शन्स मोडावी लागतात, आणि महिनाभराने परत गेलात की तोच खटाटोप उलट्या बाजूने. त्यापेक्षा भारत हा देश निवडून दुसरं ॲपल खातं काढा. सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप केलं की 'मीडिया अँड पर्चेसेस' दिसतं. तेवढ्यातून बाहेर पडून तिथे नवं खातं घाला. आयक्लाउड जुनंच राहू द्या, म्हणजे फोटो नि संपर्क जागचे हलत नाहीत. फुकटच्या ॲपना कार्ड लागत नाही. पण रोज ये-जा करू नका. खातं बदलल्यावर ॲपल कधीकधी 90 दिवस दुसऱ्या खात्यावरची जुनी खरेदी पुन्हा उतरवू देत नाही. लागतील ती इथली ॲप्स एका बैठकीत उतरवा आणि परत अमेरिकेच्या खात्यावर या.

तुमचं मात्र झालं ते झालं. गूगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो. जीमेलला, फोटोंना त्याने धक्का लागत नाही. हे खातं वर्षभर भारताचं समजा आणि तिकडे पोचल्यावर त्याच फोनमध्ये अमेरिकेसाठी दुसरं गूगल खातं जोडा. अँड्रॉइडवर दोन खाती शेजारी शेजारी नांदतात, प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर टॅप करून बदलायची. फक्त जे खातं वापरात नसेल ते अधूनमधून उघडत जा. 2 वर्षं हात न लावलेलं खातं गूगल पुसू शकतं.

आता तुम्ही न विचारलेलं. सगळ्याचं मूळ इथल्या मोबाइल नंबरात आहे. बँक, आधार, सातबारा, रेल्वेचं तिकीट, सगळीकडे ओटीपी येतो तो त्याच्यावर. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता भरतं. मग तत्काळ बघावं, तर जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळलाही आधार जोडलेलं खातं लागतं. माझ्या मुलाचं सिम मी दोन वर्षं कपाटात ठेवलं होतं. तिकडे दुपार असायची, इकडे मी रात्री दीड वाजता माळ्याच्या जिन्यावर रेंज शोधत त्याला आकडे वाचून दाखवायची. एकदा रिचार्ज राहिला, तो माझ्याच विसरभोळेपणाने. नंबर गेला. पुढे कोणा दुसऱ्याला मिळाला, आणि फोन लावला की एक गृहस्थ फार प्रेमाने 'राँग नंबर' म्हणायचे.

तेव्हा सिम तुमच्या फोनमध्येच हवं. यूपीआय ॲपलाही ते लागतं, कारण नोंदणीचा एसएमएस त्याच सिमवरून जातो. गोम अशी, की अमेरिकेत विकलेल्या आयफोन 14 पासूनच्या फोनना सिमची खाचच नाही. यजमानांचा फोन तसला असेल तर गुहागरच्या बाजारात जाऊन नंबर ई-सिम (कार्डाविना, फोनमध्येच भरलेलं सिम) करून घ्या, तेही निघायच्या आठवडाभर आधी. आदल्या दिवशी पाऊस लागला, लाइट गेली, टॉवर बसला की संपलं. तिकडे डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि रिचार्जची आठवण दोघांच्याही फोनवर लावा. 2023 पासून एनआरई-एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यांना अमेरिकेच्या नंबरवरही यूपीआयची मुभा आहे, पण तुमची बँक ती देते का हे शाखेत विचारा. त्याच फेरीत जुनं साधं बचत खातं तसंच राहिलं असेल तर एनआरओ करून घ्या. अनिवासी झाल्यावर ते तसं ठेवता येत नाही.

सासूबाईंचा फोन मात्र आजच हातात घ्या. तो तुमच्या आयक्लाउडवर आहे म्हणजे जागा करायला त्यांनी चार फोटो पुसले की तुमच्याकडचेही गेले. 'नुकतेच डिलीट केलेले' यात ते 30 दिवस सापडतात, म्हणून आधी तिथे बघून घ्या. मग तुमच्या खात्यातून तो फोन बाहेर काढा आणि त्यांच्या नावाचं, त्यांच्या नंबरवरचं खातं उघडून द्या. त्यांना तुमच्या फॅमिली ग्रुपमध्ये घ्यायच्या भानगडीत पडू नका, त्याला सगळ्यांचा देश एक लागतो. पासवर्ड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या ट्रंकेत ठेवा. कॅलेंडरच्या मागच्या पानावर नको. आमच्याकडे तो तिथेच होता, आणि जानेवारीत रद्दीवाल्याबरोबर गेला.