‘एकदा धरली की सुटाची नाय’

तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचं सुकाणू सांभाळणारे, आमच्या ग्रामीण रुग्णालयात आले ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. १ जूनपासून मासेमारी बंद, होडी वर ओढून झाकलेली, म्हणून घरच्यांच्या तावडीत सापडले. एरवी ऑगस्ट ते मे हा माणूस दवाखान्याकडे फिरकत नाही. मालवण तालुक्यातली किनाऱ्यावरची वाडी, वय ५४. नाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत.

खरं तर ते स्वतःसाठी आलेच नव्हते. वहिनींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, डोळे तपासायचे होते, हे बाहेर बाकावर बसले होते. आमच्या नर्सताईंनी बसल्या बसल्या त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. १७२/१०४. नुकताच चहा झालेला, तोंडात तंबाखू, त्यात चढण चालून आलेले. म्हणून अर्धा तास थांबवलं, लघवीला जाऊन यायला सांगितलं, पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं आणि पुन्हा मोजलं. १६६/१००. दोन दिवसांनी परत बोलावलं, तेव्हाही तेवढंच. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही प्रेशर १४०/९० किंवा त्याच्या वर राहिलं, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. डॉक्टरांनी गोळी लिहिली आणि त्यांना माझ्या खोलीत पाठवलं. लिहिलेली गोळी माणसाच्या पोटात रोज जाईल हे पाहणं, हे या ग्रामीण रुग्णालयातलं माझं काम.

खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले, “माका कायच होणा नाय, बाय. डोक्या दुखणा नाय, चक्कर-बिक्कर काय नाय. मगे गोळी कित्याक? आणि एकदा धरली की जल्मभर सुटाची नाय.”

हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा तरी ऐकते. कुणी मालवणीत म्हणतं, कुणी पुस्तकी मराठीत. शिक्षक म्हणतात, बँकेतले साहेब म्हणतात, माझ्या सख्ख्या मावशीनेही म्हटलं होतं. पूर्वी मी लगेच समजावायला लागायचे. त्या दिवशीही तसंच केलं. प्रेशर वाढल्याचं बहुतेकांना कळतच नाही, आतल्या आत मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्या सोसत राहतात, हे सांगितलं. होडीला दर पावसाळ्यात वर ओढून तेलपाणी करता तसंच हे, असंही म्हणून झालं. ते मान हलवत होते, पण ती मान ‘कधी एकदा सुटतोय’ अशी हलत होती. मी थांबले आणि विचारलं, “दादा, तुमच्या घरात कुणी ही गोळी घेतलीय का?”

“माझ्या मोठ्या भावान. गोळी चालू केल्यान आणि तेच्या अंगावरसून वारा गेला.” वारा गेला म्हणजे पक्षाघात झाला.

बाजूला बसलेल्या वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “चालू केल्यानी म्हणान नाय. सोडल्यानी, मगे गेला.”

दोघांची तिथेच जुंपली. तीन वर्षं घरात हा एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला जात होता, आणि तांडेलांचा सगळा नकार त्यांच्या बाजूच्या गोष्टीवर उभा होता. मी कुणाचीच बाजू घेतली नाही. भावाचे जुने कागद असतील तर पुढच्या खेपेला घेऊन या, एवढंच म्हटलं.

कागद आले रेशनच्या पिशवीतून. दमट हवेने चिकटलेले केस पेपर मी एकेक सोडवून तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. पहिल्यावर १८०/११०. महिन्याने १५०/९६. मग १३०/८०, आणि खाली डॉक्टरांच्या हातचं: हीच औषधं चालू ठेवा. त्यानंतरचा कागद सात महिन्यांनंतरचा. उजवा हात-पाय लुळा, बोलता येत नाही. पिशवीच्या तळाशी गोळ्यांची एक पट्टी होती. दहातल्या सहा खोबणी फुटलेल्या, चार गोळ्या तशाच. तांडेलांनी ती उचलली, उलटी करून चंदेरी कागदावर अंगठा फिरवला. बराच वेळ त्यांच्या हातात होती.

“ह्यो चार गोळ्यो कित्याक रवल्यो?”

“प्रेशर बरा झाला म्हणान,” वहिनी म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता.

‘एकदा धरली की सुटाची नाय’ या काळजीचं उत्तर या चार गोळ्यांत आहे, म्हणून इथे जरा थांबते. गोळी घेऊन १३० झालेलं प्रेशर हे गोळी चालू असतानाचं प्रेशर आहे. आजार निघून गेला, असा त्याचा अर्थ होत नाही. ॲम्लोडिपिनसारखी गोळी रक्तवाहिन्या सैल ठेवते. ती शरीरात सावकाश साठते, एक-दोन आठवड्यांनी पूर्ण जोर धरते आणि बंद केल्यावर काही दिवसांत उतरते. मग प्रेशर जिथे होतं तिथे परत जातं. लोक याला ‘सवय लागली’ म्हणतात. सवय म्हणजे तंबाखूची. वेळ झाली की जीव कासावीस होतो, आणि दिवसेंदिवस जास्त लागते. बीपीची गोळी चुकली तर तल्लफ येत नाही. उलट काहीच जाणवत नाही, आणि तीच खरी अडचण आहे. भावाला सात महिने काहीच जाणवलं नव्हतं.

आता ‘आयुष्यभर का?’ याचं खरं उत्तर. बहुतेकांना हो, आयुष्यभर. हे मी गोडगोड बोलून लपवत नाही, कारण ‘बघू, पुढे बंद करू’ असं सांगितलेला माणूस स्वतःच बंद करतो. काहींची गोळी पुढे कमी होते, क्वचित सुटतेही: वजन उतरलं, मीठ कमी झालं, रोजचं चालणं आलं, दारू कमी झाली, प्रेशर वाढवणारं दुसरं काही सापडलं आणि ते थांबलं तर. पण ते डॉक्टरांनी मोजत मोजत करायचं असतं. आणि मिळतं काय? वरचं प्रेशर १० ने उतरलं तरी पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी होतो. ज्या घराने पक्षाघात पाहिलाय त्याला हा पाव हिस्सा किती मोठा ते वेगळं सांगावं लागत नाही.

त्या सकाळी भावाचा हात लुळा पडल्यावर घरच्यांनी आधी तेल चोळणाऱ्याला बोलावलं होतं, आणि रुग्णालयात पोचेपर्यंत दुपार झाली. वहिनी हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना दोष द्यायचा नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते: तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर ‘वारं गेलंय, बसेल’ म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्याकडे वाडीतून हमरस्त्याला लागेपर्यंतच त्यातला किती वेळ जातो ते आपल्याला माहीत आहे.

तांडेलांनी गोळी घ्यायचं कबूल केलं, तरी मला काहीतरी अडतंय असं वाटत होतं. मी नेहमी विचारते ते विचारलं: तुम्ही जे जे तोंडात टाकता ते सगळं टेबलावर ठेवा. चंची निघाली. तंबाखू, चुन्याची डबी आणि कोपरे झिजलेली डायक्लोफेनॅकची पट्टी. जाळी ओढून कंबर धरते म्हणून दिवसाला दोन, गेली दोन वर्षं, मेडिकलमधून थेट. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या की शरीरात मीठ-पाणी साठतं, प्रेशर चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि बीपीच्या काही गोळ्यांचा गुणही त्या कमी करतात. ‘बीपीच्या गोळीने किडनी जाते’ ही भीती मी रोज ऐकते. मूत्रपिंडाला खरा धोका या दुखण्याच्या गोळ्यांचा आणि न आवरलेल्या प्रेशरचा असतो. डॉक्टरांनी ती बंद केली, कंबरेचे व्यायाम शिकवले, रक्त तपासलं. मूत्रपिंड सुदैवाने ठीक होतं.

तंबाखूबद्दल त्या दिवशी मी एकच वाक्य बोलले. एका वेळी माणसाकडून सगळंच काढून घ्यायचं नसतं.

मिठाबद्दल मात्र वहिनींशी खूप बोलले, कारण आमच्याकडे पावसाळा हाच मिठाचा हंगाम. ताजी मासळी बंद, म्हणून ताटात खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), गोलमो (सुका जवळा). सकाळच्या पेजेबरोबर लोणचं नाहीतर खारातले आंबे. आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, तर तो टिकावा म्हणून मीठ भरपूरच असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाच्या पोटात दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, म्हणजे एक लहान चमचाभर. सुकी मासळी सोडा असं मी म्हटलं नाही. किनाऱ्यावरच्या घरात ते कुणी ऐकणार नाही, आणि न ऐकल्याचं अपराधीपण घेऊन माणूस दवाखान्यातच यायचा थांबतो. सुकं आठवड्यातून एकदा, तेही कोमट पाण्यात भिजवून, दोनदा पाणी बदलून, आणि वर कालवणात मीठ घालायचं नाही. पेजेबरोबर लोणच्याऐवजी ओल्या खोबऱ्याची चटणी किंवा कुळथाची उसळ. सोलकढी आगळाऐवजी भिजवलेल्या आमसुलांची, आमसुलंही आधी धुऊन, वरून मीठ न घालता. वहिनींनी हे लिहून घेतलं नाही, बोटांवर मोजलं.

जाता जाता त्या एकट्या परत आत आल्या. नवऱ्याने सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. होडी दुसऱ्याची. मालकाच्या कानावर गेलं की तांडेल रोज गोळी खातो, तर पुढच्या हंगामात सुकाणू दुसऱ्याच्या हातात जाईल, ही त्यांची धास्ती. ‘जल्मभर गोळी’ म्हणजे त्यांच्या लेखी जन्मभर आजारी माणूस, आणि आजारी माणसाला समुद्रावर कोण नेणार? माझ्या लक्षात आलं की पहिल्या दिवशी मी एका प्रश्नाचं उत्तर देत होते आणि ते दुसराच विचारत होते.

पुढच्या खेपेला मी तो विषय स्वतःच काढला. इथलं काही मालकाला कळणार नाही, ते आमच्यावर बंधन आहे. आवरलेलं प्रेशर घेऊन माणसं सगळी कामं करतात. समुद्रावर खरी काळजी आहे ती १७२ च्या तांडेलाची, कारण किनारा लांब आणि डॉक्टर त्याहून लांब. म्हणूनच डॉक्टरांनी बंदीचे दोन महिने हाताशी धरले. गोळी लहान मात्रेने सुरू, महिन्याने मोजून दुसरी जोडली, उभं राहून चक्कर येते का तेही पाहिलं. मध्ये घोट्यांना सूज आली. घाबरून त्यांनी वहिनींना फोन करायला लावलं, आणि हे मला फार आवडलं, कारण अशा वेळी बहुतेक जण गुपचूप गोळी बंद करतात. ॲम्लोडिपिनने काहींना अशी सूज येते. डॉक्टरांनी मात्रा बदलली, उतरली. कुणाला दुसऱ्या एखाद्या गोळीने कोरडा खोकला येतो, तीही बदलून मिळते. जुलैच्या शेवटी १३४/८४ झालं. १ ऑगस्टनंतर होड्या पाण्यात गेल्या.

ऑक्टोबरात आले तेव्हा १५२/९४. मी काही विचारायच्या आत त्यांनी शर्टाच्या खिशातून पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. “नऊ रवल्यो,” म्हणाले. पहिल्या दिवशी हाच माणूस खुर्चीत बसायला तयार नव्हता. मी रागावले नाही. कुठे राहिल्या, ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं. सगळ्या होडीवरच्या. रात्री जाळी, दिवसा झोप, सकाळ-संध्याकाळ असं काही उरतच नाही. ठरल्या वेळेचा हट्ट सोडा, मी म्हटलं. तुमच्या गोळीचा गुण दिवसभर टिकतो, तासभर मागे-पुढे झाल्याने बिघडत नाही, दिवसातून एकदा ठरवून जायला हवी. होडीवर रोज न चुकता काय होतं?

“च्याय.”

मग ज्याच्याकडे चहाचं सामान असतं त्याच्याच डब्यात पट्टी ठेवायची. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणजे त्या पोराला सांगावं लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि माझ्याही. मी बोलले नाही.

“सांगतंय तेका,” थोड्या वेळाने म्हणाले. मग त्या नऊ गोळ्या परत खिशात घातल्या आणि औषधांच्या खिडकीशी जाऊन फार्मासिस्टला म्हणाले, “ह्यो नऊ आसत. माका एकवीसच दी.”