रोजच्या वापरातली जिम्नी दीड-दोन इंच उचलावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मारुतीची पाच दारांची जिम्नी आहे, रोज कोथरूड ते हिंजवडी चालते आणि महिन्यातून एक-दोनदा वेल्ह्याकडच्या शेतावर जाते. शेतवाटेवर खालून घासते. गॅरेजवाला म्हणतो, दोन इंचाचे स्पेसर (स्प्रिंगवर बसवायच्या चकत्या) टाकून देतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. टाकावेत का, आणि टाकले तर रोजची चाल बिघडेल का?

स्पेसर टाकू नका. उचलायचीच असेल तर 30 ते 40 मिलिमीटर, म्हणजे फार तर दीड इंच, आणि तेही स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने बदलून. मात्र त्याआधी खालून नेमकं काय घासतंय ते बघा. पैसे कुठे घालायचे ते त्यावरच ठरेल.

माझ्याकडेही हीच गाडी आहे. साताऱ्यात रोज फिरते आणि गावी जायचं तर पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात चढते. मी ती 40 मिलिमीटर उचलून घेतली आहे, त्यामुळे पुढचं सगळं वापरातून सांगतोय.

घासण्याचे प्रकार वेगळे असतात आणि त्यांचे उपायही वेगळे. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा आहे. ॲक्सल चाकांना जखडलेला, स्प्रिंगा त्याच्या वर. म्हणून स्प्रिंग कितीही लांब घातली तरी वर जाते ती चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि बॉडी. ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा गोळा जिथे होता तिथेच राहतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल गेल्या आणि मधला उंचवटा त्या गोळ्याला लागत असेल, तर दोन इंच काय, चार इंच उचलूनही तीळभर फरक पडणार नाही. तिथे फक्त मोठा टायर कामाला येतो.

कंपनीचा टायर 195/80 आर 15. त्याचा व्यास हिशेबाने 693 मिलिमीटर येतो. 215/75 आर 15 घातला तर 703 च्या थोडा वर, म्हणजे गोळ्याखाली जेमतेम 5 मिलिमीटर वाढले. 235/75 आर 15 घातला तर व्यास 733 च्या पुढे जातो आणि 20 मिलिमीटर मिळतात. पण मग स्पीडोमीटर जवळपास सहा टक्के कमी दाखवायला लागतो, वजनदार टायर फिरवताना 134 न्यूटन मीटरच्या इंजिनाला चढावर धाप लागते आणि स्टिअरिंगमध्ये थरथर येण्याचा संभव वाढतो. रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच-ब्रेक करणाऱ्या गाडीला 235 घालू नका, असंच मी सांगेन. 215 मध्ये जाड बाजूचा ऑल-टेरेन टायर मिळाला तर तो पुष्कळ झाला.

आता दुसरा प्रकार. बांध ओलांडताना किंवा ओढ्याची कड चढून पलीकडे उतरताना पुढची चाकं पार होतात आणि पोट टेकतं. पाच दारांच्या जिम्नीत हे जास्त होतं, कारण दोन चाकांमधलं अंतर 2590 मिलिमीटर आहे. जपानमधल्या तीन दारांच्या जिम्नीत ते 2250 आहे, म्हणजे आपल्याकडच्या गाडीचं पोट 340 मिलिमीटरने लांब. इथे मात्र उचलण्याचा सरळ फायदा होतो. 40 मिलिमीटर चासी वर गेली की तोच बांध न टेकता पार होतो.

तिसरा प्रकार बरेच जण लक्षातच घेत नाहीत. चार माणसं, मागे भाताची पोती किंवा खताच्या गोण्या, पाण्याचे कॅन असा भार असला की मूळची मऊ मागची स्प्रिंग दबते आणि गाडी बुडावर बसते. अशा वेळी उंचीपेक्षा स्प्रिंगची ताकद महत्त्वाची. स्पेसरने ताकद वाढत नाही. खाली तीच स्प्रिंग असते, फक्त तिच्या डोक्यावर एक चकती येते.

तुमचं दुखणं यांपैकी कोणतं हे शोधायची पद्धत सोपी आहे. शेतावर जायच्या आदल्या दिवशी गाडी पिटवर, म्हणजे गॅरेजमधल्या खड्ड्यावर घ्या. भिंतीला लावतात तो चुना घट्ट कालवून दोन्ही गोळ्यांना, गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीला आणि मागच्या शॉकअपच्या खालच्या टोकांना ब्रशने लावा, वाळू द्या. नेहमीचा भार भरून नेहमीच्या वाटेने जाऊन या. परत पिटवर घेतलीत की कुठला चुना खरवडला गेलाय आणि कुठला जसाच्या तसा आहे ते लख्ख दिसेल. माझ्या गाडीला पुढचा गोळा पांढराच राहिला होता आणि आडव्या पट्टीवरचा चुना पार निघाला होता, म्हणून मी स्प्रिंगवर खर्च केला. तुमच्याकडे उलटं निघालं तर टायर घ्या आणि स्प्रिंगांना हातही लावू नका.

समजा, उचलायचंच ठरलं. स्प्रिंग निवडताना दुकानदार विचारेल की पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) आहे का. नसेल तर ठामपणे नाही म्हणा आणि रिकाम्या गाडीसाठीचीच स्प्रिंग मागा. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन या ऑस्ट्रेलियन कंपन्या एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या भाराच्या स्प्रिंगा काढतात. जड भाराची स्प्रिंग हलक्या गाडीला लावली की ती ठरल्यापेक्षा जास्त उचलते आणि प्रत्येक गतिरोधकावर पाठ शेकून निघते. रोज त्यातून आई-वडील जाणार असतील तर हा मुद्दा सगळ्यात मोठा.

शॉकअप का बदलायचा? मूळ शॉकअपची लांबी मूळ उंचीसाठी ठरवलेली असते. गाडी 40 मिलिमीटर वर गेली की तो उभ्या जागीच तेवढा ताणलेला राहतो आणि खाली जायला त्याच्याकडे कमी प्रवास उरतो. गतिरोधकावरून चाक खाली पडताना तो टोकाला जाऊन ठक्कन आवाज करतो. स्पेसर टाकलेल्या गाड्यांमध्ये हा आवाज हमखास ऐकू येतो. काही महिन्यांत सीलमधून तेल गळायला लागतं.

कामाला देण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. गाडी सपाट जागी उभी, टाकी अर्धी, आत कोणी नाही. काम झाल्यावर तसंच पुन्हा मोजा. किती उचलली गेली हे त्या आकड्यांवरूनच कळतं, नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

गॅरेजमध्ये एका गोष्टीसाठी स्वतः उभे राहा. ॲक्सलला धरणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच बहुतेक पोरं ते बोल्ट करकचून आवळतात. गाडी खाली आली की ती बुश कायमची पिळलेल्या अवस्थेत राहतात, चाल कडक वाटते आणि रबर लवकर फाटतं. बोल्ट आधी हातानेच बसवायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, पुढून-मागून दाबून दोन-चार हेलकावे द्यायचे आणि वजन चाकांवर असतानाच टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. हे काम पिटवर सहज होतं. कारागीर ‘काही फरक पडत नाही’ म्हणाला तर दुसरीकडे जा.

लिफ्टवर असतानाच आणखी एक बघून घ्या. चाकं पूर्ण लोंबकळलेली असताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जातेय का? बोट लावून बघा, थोडी ढील हवीच.

रोजच्या चालीवर सगळ्यात जास्त परिणाम करतो तो कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे झुकलेला कोन. पुढचा ॲक्सल ज्या दांड्यांवर टांगलेला आहे त्या दांड्या बॉडी वर गेल्याने तिरप्या होतात, त्यांच्याबरोबर ॲक्सलही थोडा फिरतो आणि कॅस्टरचा कोन कमी होतो. गावात काही जाणवत नाही. महामार्गावर 80-90 ला गेलात आणि शेजारून ट्रक गेला की गाडी रस्ता शोधत असल्यासारखी डुलते, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. जिम्नीत कॅस्टर फिरवून लावायची सोय मुळात नाही, त्यासाठी मधलं भोक बाजूला सरकवलेली खास बुश लागतात. किटबरोबर ती येतात का ते विचारा, येत नसतील तर वेगळी घ्या. अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टरच्या आकड्याची छापील चिठ्ठी मागा. तो नुसता टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) बघून ‘ओके’ म्हणेल, कारण बाकीचं त्याला हलवताच येत नाही.

बॉडी वर गेली की पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवं जागेवर धरणारी दांडी) ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो, ते 40 मिलिमीटरपर्यंत चालून जातं. पण स्टिअरिंग व्हील वाकडं राहिलं तर तसंच चालवू नका. ईएसपीला (गाडी घसरू लागली की ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) स्टिअरिंगच्या कोनावरून तुम्हाला गाडी कुठे वळवायची आहे हे कळतं, तेव्हा सरळ रस्त्यावर व्हील सरळच असायला हवं. ड्रॅग लिंकवर, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणाऱ्या दांडीवर ते सरळ करता येतं. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त उचलली गेली असेल तर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तोही भिंतीवर पाडून खाली घ्या.

ही गाडी 1645 मिलिमीटर रुंद आणि 1720 उंच आहे, मुळातच रुंदीपेक्षा उंच. त्यात गुरुत्वमध्य आणखी वर जातो. खंबाटकीच्या वळणांवर मी पूर्वीपेक्षा कमी वेगाने जातो आणि घरातही प्रत्येकाला ते सांगून ठेवलंय. दीड इंचापुढे जायला माझा विरोध आहे तो मुख्यतः यासाठी.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल होईल असा फेरफार करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182-अ मध्ये मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि तिचं उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर दावा अडला तर कारागीर तुमच्या मदतीला येणार नाही. सस्पेन्शनच्या वॉरंटीवरही पाणी सोडायची तयारी ठेवा.

आणि हे सगळं करण्याआधी एकदा हवा कमी करून बघा. शेतवाट सुरू झाली की चारही टायर 20 पीएसआयवर आणा, डांबरी लागली की पंपाने पुन्हा भरा. गोळ्याखालची जागा किंचित कमी होते हे खरं, पण पकड इतकी सुधारते की उंचवटा चढायला वेग घ्यावा लागत नाही, आणि निम्मं घासणं त्या वेगामुळे गाडी आपटून होत असतं.

चुन्याची खूण कुठे निघाली आणि मागे साधारण किती किलो भार असतो ते इथे कमेंटमध्ये लिहा. त्यावरून कुठल्या भाराची स्प्रिंग घ्यायची ते सांगता येईल.