घड्याळ कोणाचं?

प्रश्न : मॅडम, मी ठाण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेकॅनिक्सच्या पेपरात आधी न्यूटन, मग लग्रांजची ऊर्जेवरून गती काढायची पद्धत आणि शेवटी स्पेशल रिलेटिव्हिटी, म्हणजे आइन्स्टाइनची विशेष सापेक्षता आहे. इंटर्नलला गणित आलं होतं : स्थिर म्युऑनचं (इलेक्ट्रॉनसारखा, पण जड आणि अल्पायुषी कण) सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तो प्रकाशाच्या ०.९८ पट वेगाने येत असेल, तर पृथ्वीवरून ते किती दिसेल? मी ०.४४ लिहिलं. बरोबर उत्तर ११ निघालं. सूत्र पाठ होतं, पण कुठला काळ कुठे घालायचा तेच कळत नाही. शिवाय दादा म्हणतो, न्यूटन चुकलाच होता तर अर्धं सेमिस्टर त्याच्यावर कशाला घालवता? त्याला काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : मुली, बत्तीस वर्षं पेपर तपासले आणि तुझं ०.४४ दरवर्षी भेटलं. अभ्यास करणाऱ्या मुलांच्याच पेपरात भेटलं, म्हणून जास्त लागायचं. गाइडात एक ओळ असते, ‘चालतं घड्याळ मागे पडतं.’ मला त्या ओळीचा राग आहे. चालतं म्हणजे कोणाला चालताना दिसतं? ते लिहिलेलंच नसतं, मग मूल अंदाजाने भागाकार करतं.

तू रोज वाशीकडची गाडी पकडतेस. ठाणं सोडून गाडीने एकसारखा वेग धरला की खिडकीशी बसून डबा उघड आणि थोड्या वेळाने बंद कर. तुझ्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकाच जागी घडल्या, तुझ्या मांडीवर. रुळांशेजारी उभ्या गँगमनच्या दृष्टीने डबा एका खांबाशी उघडला आणि चार खांब पुढे बंद झाला. तुला एक घड्याळ पुरलं. त्याला दोन लागतील, दोन्ही खांबांशी एकेक, आणि ती आधी जुळवून ठेवावी लागतील. ज्याला एकच घड्याळ पुरतं, त्याने मोजलेला काळ तो प्रॉपर टाइम. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या सगळ्या फ्रेममध्ये, म्हणजे गाडी किंवा रूळ अशा ज्यावरून मोजायचं त्या चौकटींमध्ये, तोच सर्वांत कमी भरतो.

आता म्युऑन घे. त्याचा जन्म आणि त्याचा शेवट, दोन्ही त्याच्या स्वतःच्याच जागी होतात. म्हणून २.२ त्याचे. पृथ्वीवाल्यांचा काळ जास्तच असायला हवा. किती पट जास्त, ते गॅमा सांगतो : एक भागिले (एक उणे वेग आणि प्रकाशवेग यांच्या गुणोत्तराचा वर्ग) याचं वर्गमूळ. ०.९८ ला गॅमा साधारण ५ येतो, म्हणून ११. सूत्राला हात लावण्याआधीच ०.४४ बाद झालं होतं.

याच गणितात जरा थांब, कारण ते परीक्षेपुरतं बनवलेलं नाही. वैश्विक किरणांमुळे म्युऑन हवेत साधारण १५ किलोमीटर उंचीवर तयार होतात. ०.९८ च्या वेगाने खाली यायला ५१ मायक्रोसेकंद लागतात. काळ सगळ्यांना सारखाच असता, तर हजार कोटींत जेमतेम एक म्युऑन जमिनीपर्यंत टिकला असता. आयुष्य ११ धरलं तर शंभरात एक पोचतो. (वाटेतल्या हवेत त्याची ऊर्जा थोडी खर्च होते, ती इथे सोडून दिली आहे.) आणि ते खरोखर पोचतात, आत्ता तुझ्या वहीतूनही जात असतील. अशा कणांच्या आयुष्यावरून कालविस्तार, म्हणजे वेगाने जाणाऱ्याचा काळ बाहेरून ताणलेला दिसणं, तपासता येईल, हे होमी भाभांनी १९३८ सालीच लिहिलं होतं. रॉसी आणि हॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये कोलोरॅडोच्या डोंगरावर आणि खाली डेन्व्हरला मोजमाप करून ते दाखवलं. वाशीच्या पुलावरून ट्रॉम्बेकडे पाहताना मला भाभांची अणुभट्टी आठवण्याआधी हे आठवतं.

दादाला आकडा सांग. ताशी ८० किलोमीटरने गाडी तासभर धावली, तर तुझ्या आणि गँगमनच्या काळात फरक पडतो तो सेकंदाच्या सुमारे दहा हजार कोटीव्या भागाइतका. पूल, गाड्या, क्रेन यांच्यासाठी न्यूटन पुरतो, आणि का पुरतो हे सापेक्षताच सांगते.

पण न्यूटन-लग्रांज शिकायचं खरं कारण मला वेगळं वाटतं, आणि वर्गात ते घाईत राहून जातं. तुमच्या लग्रांजियनमध्ये (गतिज उणे स्थितिज ऊर्जा) मोकळ्या कणासाठी गतिज ऊर्जा येते, अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ती कुठून आली, कोणी विचारत नाही. सापेक्षतेत मोकळ्या कणाची ॲक्शन (लग्रांजियनची सगळ्या काळावरची बेरीज) म्हणजे त्याच्या स्वतःच्या घड्याळातला काळ गुणिले वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग, आणि पुढे उणे चिन्ह. त्या काळात गॅमातलंच वर्गमूळ येतं, त्याचा द्विपद विस्तार कर. पहिलं पद स्थिरांक निघतं, गतीवर त्याचा परिणाम नाही. दुसरं पद? तेच अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग! लग्रांजचा ग्रंथ १७८८ चा, आइन्स्टाइनचा लेख १९०५ चा, आणि मध्ये एका ओळीचा विस्तार. फळ्यावर हे लिहिताना दरवेळी माझा खडू क्षणभर थांबायचा. ज्याने लग्रांज ओलांडून थेट सापेक्षतेत उडी मारली, त्याला यातलं काहीच दिसत नाही.

सवय एकच लाव. प्रत्येक अक्षाला मालक असू दे. ‘एक्स’ असं नुसतं लिहू नकोस, ‘गाडीचा एक्स’, ‘रुळांचा एक्स’ असं लिही. न्यूटनच्या धड्यांपासूनच लिही. तिथे काळ सगळ्यांचा सारखा असल्यामुळे हा आळस खपून जातो आणि शेवटच्या युनिटला अडवतो.

हेच गणित आता म्युऑनच्या फ्रेममधून सोडव. तिथे आयुष्य २.२ च राहील, पण हवेची जाडी १५ किलोमीटर राहणार नाही. साधारण ३ येईल. त्यावरून किती म्युऑन पोचतात ते काढ. पुन्हा शंभरात एकच यायला हवा. नाही आला तर पूर्ण पान मला पाठव, नुसतं उत्तर नको.