कबरीचा दगड तुमचा, जमीन महापालिकेची

सोलापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या आईला गेल्या वर्षी उन्हाळ्यात महापालिकेच्या सार्वजनिक दफनभूमीतल्या ख्रिस्ती भागात माती दिली. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या ख्रिस्ती दिवशी, सगळे नातेवाईक कबरीवर मेणबत्त्या लावायला येतात, म्हणून त्याआधी घाईने कबर बांधून घेतली आणि डोक्याच्या बाजूला चार फुटी काळा ग्रॅनाइट उभा केला. रखवालदार ‘बांधा’ म्हणाला होता. यंदाच्या पावसात दगड कलून शेजारच्या कबरीवर टेकला आणि तिथली शहाबादी फरशी फुटली. आता झोन कार्यालयाची नोटीस आलीय: सात दिवसांत बांधकाम काढा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च वसूल करू. कारागीर म्हणतो, जमीन खचली त्याला मी काय करू? थोरल्या भावाचं नाव दगडावर नाही, म्हणून त्यानेही तक्रार दिलीय आणि ‘मीच जाऊन उखडतो’ अशी धमकी देतोय.

ताई, आईच्या कबरीसाठी नोटीस हातात यावी, हे दुःख मी समजू शकते. पण सात दिवस धावताहेत, म्हणून आधी त्यांच्यापुरतं सांगते. नोटीस बरोबर आहे की चूक, हा वाद आज बाजूला ठेवा. चार फूट उंच, दोन फूट रुंद आणि तीन इंच जाड ग्रॅनाइटचं वजन दीडशे किलोच्या आसपास भरतं. तो अर्धवट कललेला आहे आणि त्या वाटेने लहान मुलंही जात असतील. चार माणसं आणि चेनपुली लावून तो उतरवून घ्या आणि तुमच्याच कबरीवर आडवा ठेवा. घरच्यांनी स्वतः हात घालू नये. उतरवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा. दगडाचं बूड आणि खालचा खड्डा यांचे फोटो जवळून, बाजूला टेप धरून काढा. शेजारच्या फुटलेल्या फरशीचेही घ्या. हेच पुरावे पुढे कारागिराविरुद्ध लागतील.

एवढा आग्रह का, तेही सांगते. दगड धोक्याचा आहे हे नोटीस मिळाल्या दिवसापासून तुम्हाला माहीत आहे, असं कायदा धरतो. त्यानंतर तो कोणावर पडला, तर ‘मला कल्पना नव्हती’ हे म्हणणं कोणी ऐकणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत हयगयीने कोणाचा मृत्यू झाला तर कलम १०६ लागतं, दुखापत झाली तर कलम १२५. दिवाणी भरपाई वेगळी.

दगड उतरवला की त्याच दिवशी नोटिशीला लेखी उत्तर द्या. आयुक्तांच्या नावाने अर्ज करा, प्रत झोन कार्यालयाला द्या, आवक विभागात शिक्का मारलेली पोच घ्या आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर साधा ठेवा: ‘आपली अमुक तारखेची नोटीस मिळाली. धोका टाळण्यासाठी दगड आज उतरवून कबरीवर आडवा ठेवला आहे, फोटो जोडले आहेत. दगड माझ्या मालकीचा असून माझ्याशिवाय इतर कोणाच्या ताब्यात देऊ नये. कबरीच्या उरलेल्या बांधकामाबाबत माझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कारवाई करू नये. नियमानुसार नवीन परवानगीसाठी अर्ज करत आहे, त्याचा निर्णय होईपर्यंत मुदत मिळावी.’ रखवालदाराचा उल्लेख या अर्जात नको. त्याला अडकवून तुम्हाला काही मिळणार नाही.

आता नोटीस पुन्हा वाचा आणि कोणतं कलम लिहिलंय ते पाहा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात दोन वेगळ्या वाटा आहेत. मोडकळीला आलेल्या, पडण्याच्या बेतातल्या बांधकामासाठी कलम २६४ आहे. दगड उतरला की या कलमाखालचा मुद्दा जवळपास संपतो. लेखी परवानगीशिवाय केलेल्या कामासाठी कलम ४७८ आहे. तिथे दगड आडवा झाला तरी प्रश्न उरतो, कारण आक्षेप खालच्या चौथऱ्यावरही आहे. नोटिशीत कलमच नसेल, तर ‘कोणत्या तरतुदीखाली ही नोटीस दिली ते कळवावे’ हे एक वाक्य उत्तरात घाला.

आजूबाजूच्या सगळ्याच कबरी पक्क्या आहेत, मग मलाच नोटीस का, असं तुम्ही विचारलंय. मनाला हे लागणारच, पण कोर्टात याचा उपयोग होत नाही. दुसऱ्याने विनापरवाना बांधलं म्हणून आपल्यालाही तसं बांधायचा हक्क मिळत नाही. समानतेच्या हक्काचा असा उलटा अर्थ न्यायालयं लावत नाहीत.

खरा प्रश्न हा, की तुमच्याकडे नेमका कोणता हक्क आहे. दफनभूमीची जमीन महापालिकेची. पावतीने मिळते ती जागा वापरण्याची मुभा, मालकी नव्हे. पण ही मुभा अगदी कच्चीही नसते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६० प्रमाणे, परवानगीच्या आधारावर कोणी खर्च करून कायम स्वरूपाचं काम केलं असेल, तर ती परवानगी मनाला येईल तेव्हा काढून घेता येत नाही. मात्र ते काम त्या परवानगीत बसणारं हवं. म्हणून दफनाची पावती शोधा आणि तिची मागची बाजू वाचा. तिथे ‘पक्की कबर’ असा उल्लेख असेल, बांधकामाचं वेगळं शुल्क घेतलेलं असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. नुसतं दफनाचं शुल्क असेल, तर रखवालदाराचं तोंडी ‘बांधा’ ही महापालिकेची परवानगी ठरत नाही. जागा किती वर्षांसाठी दिली, हेही त्याच पावतीवर पाहा. अनेक दफनभूमींत ठरावीक काळानंतर तीच जागा पुन्हा वापरतात.

सोबत माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दफनभूमीचे नियम, कबर बांधण्याच्या परवानगीची पद्धत आणि शुल्क, आणि नोंदवहीतली आईच्या नावाची नोंद, एवढंच मागा. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहिलं की काहीच नीट मिळत नाही.

हा सगळा सल्ला महापालिकेच्या दफनभूमीपुरता आहे. आपल्या सोलापुरात लिंगायत समाजातही दफन करून समाधी बांधतात, मुस्लिम कब्रस्तानं आहेत, चर्चच्या ताब्यातल्या दफनभूमीही असतात. जागा समाजाच्या ट्रस्टची असेल तर आधी विश्वस्त आणि मग धर्मादाय आयुक्त, वक्फची असेल तर वक्फ बोर्ड, अशी वाट बदलते.

कारागिराचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. सोलापूरची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे इथल्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक असतं. त्यात नुकत्याच बुजवलेल्या कबरीची माती भुसभुशीत असते आणि पहिल्या पावसाळ्यात बसतेच. अशा भरावावर दीडशे किलोचा दगड नुसत्या सिमेंटच्या लगद्यात उभा करणं, ही कामातली हयगय आहे. तुम्ही घाई केलीत हे खरं, पण ‘एक पावसाळा जाऊ द्या’ हे सांगणं जाणकार म्हणून त्याचं काम होतं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे ही सेवेतली त्रुटी आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे आणि तुम्ही तिच्या आत आहात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही. पक्कं बिल नाही म्हणून घाबरू नका. तुम्ही निम्मे पैसे फोनपेने दिलेत, तर बँकेचं स्टेटमेंट आणि त्याच्याशी झालेले व्हॉट्सॲप संदेश जपा, मूळ फोन बदलू नका. आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या: दगड नीट बसवून द्या किंवा पैसे परत करा. बरेच कारागीर इथेच वळतात, आणि वळला तर मलाही तेच आवडेल.

पुन्हा बसवताना मात्र माझं ऐका. उभा उंच दगड नको. कबरीवर आडवी किंवा किंचित उतरती पाटी बसवा, ती पडूच शकत नाही. उभाच हवा असेल तर दोन फुटांच्या वर नको. पाया कबरीच्या भरावावर न घेता दोन्ही बाजूंच्या न खणलेल्या जमिनीवर टेकणारी काँक्रीटची पट्टी घाला, आणि दगड व बैठक यांच्यात स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घाला. साध्या लोखंडाची सळई गंजून फुगते आणि आतून दगड फोडते. शहाबादी स्वस्त आणि आपल्याकडे सहज मिळते, पण तिचे पापुद्रे सुटतात, कोरलेली अक्षरं टिकत नाहीत. ग्रॅनाइट टिकतो. साफ करायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. फरशीचं ॲसिड वापरू नका. शहाबादी आणि संगमरवर त्याने झिजतात. पावसाळा संपला की दरवर्षी दगड हाताने हलवून पाहा, आणि जरा जरी हलला तरी फोटो काढून लगेच दुरुस्त करा.

परवानगीच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, दफनाची पावती, लांबी-रुंदी-उंची दाखवणारा साधा नकाशा, कोरायचा मजकूर आणि कारागिराचं नाव जोडा. मंजुरी कागदावर हातात आल्याशिवाय एक वीटही ठेवू नका.

कार्यालयाने तुमचं न ऐकताच कबर तोडायला घेतली, तर वकिलांकरवी उच्च न्यायालयात जाता येतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (तिथे बसणाऱ्या खंडपीठाकडे) आहे, त्यामुळे मुंबई गाठावी लागत नाही. सोलापुरात दिवाणी दावा करायचा तर महापालिकेला आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. माझ्या मते तुमच्या प्रकरणात ही वेळ येऊ नये.

शेजारच्या कबरीच्या कुटुंबाला तुम्ही स्वतः भेटा, नोटिशीची वाट पाहू नका. फरशी बदलून देते म्हणा, आणि काम झाल्यावर ‘नुकसान भरून मिळालं, तक्रार नाही’ एवढं दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या. त्यांचंही माणूस तिथे आहे.

उरला भाऊ. कबर ही वाटणीत येणारी मिळकत नाही, त्यामुळे वारस म्हणून तो जागेत हिस्सा मागू शकत नाही. दगड पैसे दिले त्याचा, म्हणजे तुमचा. त्याने परस्पर जाऊन उखडला तर मालमत्तेचं नुकसान होईलच, शिवाय भावना दुखावण्याच्या हेतूने किंवा त्या दुखावतील हे माहीत असून दफनाच्या जागेत अतिक्रमण केल्यास न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे त्याला सांगायची पाळी येऊ देऊ नका. आई त्याचीही आहे, आणि तिच्या दगडावर मुलांची नावं कोरताना थोरल्याचं नाव वगळलं गेलं, हे मला मोठ्या अन्यायासारखं वाटतं, कारण काहीही असो. दगड उतरलेलाच आहे, मजकूर नव्याने कोरायचाच आहे. त्याचं नाव घाला, अर्जासोबतच्या संमतिपत्रावर त्याची सही घ्या, आणि त्याच दिवशी झोन कार्यालयातली त्याची तक्रार लेखी मागे घ्यायला सांगा.