वाचकांचे प्रश्न : कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणाची मान्यता कशी तपासावी?

प्रश्न : माझी मुलगी लातूरला बारावीत विज्ञान शाखेत शिकते. तिला कायरोप्रॅक्टिकमध्ये, म्हणजे मुख्यतः मणक्यावर हाताने दाब किंवा झटका देऊन करायच्या उपचारात, रस आहे. एका खासगी संस्थेने ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त कायरोप्रॅक्टिक डिप्लोमा’ अशी जाहिरात केली असून अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे आणि वर्ग फक्त शनिवार-रविवारी भरतात. सोबत माहितीपत्रक पाठवीत आहे. ही मान्यता खरी आहे का? परदेशात हे शिक्षण घ्यायचे झाल्यास काय पाहावे?
– एक पालक, औसा, जि. लातूर

उत्तर : आपण पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर चार शिक्के आहेत. पहिला आयएसओ ९००१ चा, दुसरा उद्यम नोंदणीचा, तिसरा न्यासाच्या नोंदणीचा आणि चौथा एका ‘जागतिक परिषदे’चा, तिचा पत्ता किंवा तिने तपासलेल्या इतर महाविद्यालयांची यादी कुठेही दिलेली नाही. आयएसओ ९००१ हे प्रमाणपत्र कामकाजाची व्यवस्था पाहते, उद्यम नोंदणी व्यवसायाची असते आणि न्यासाची नोंद संस्था कायद्याने अस्तित्वात आहे एवढेच सांगते. वर्गात काय शिकवले जाते, कोण शिकवते आणि विद्यार्थ्याने किती रुग्ण तपासले, हे या तिघांपैकी कोणीही पाहिलेले नाही. चौथा शिक्का कशाच्या आधारावर दिला गेला, याचा पुरावा संस्थेकडे लेखी मागावा.

आपल्याकडे ‘मान्यता’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि पालकांची फसगत बहुधा तिथेच होते. संस्थेला पदवी देण्याचा अधिकार आहे का, हा पहिला प्रश्न. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. जाहिरातीत ‘पदवी’ऐवजी ‘डिप्लोमा’ हा शब्द दिसतो, त्याचे कारण इथे शोधावे. तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या विषयाच्या जाणकारांनी तपासून योग्य ठरवला आहे का, हा दुसरा प्रश्न. शिकून बाहेर पडलेल्या व्यक्तीला रुग्ण तपासण्याचा परवाना मिळतो का, हा तिसरा. यांपैकी एकाचे उत्तर ‘हो’ आले म्हणून दुसऱ्याचे तसेच येईल, असे नाही.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी केली. पुढची कित्येक दशके तिथेही छोट्या-मोठ्या शाळांचे पेव फुटले होते आणि काही ठिकाणी टपालाने शिकवून प्रमाणपत्रे दिली जात. या गोंधळाला आळा बसला तो अभ्यासक्रमांची बाहेरून तपासणी सुरू झाल्यावर. कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशन या संस्थेला १९७४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने अधिस्वीकृती (अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून दिलेली मान्यता) देणारी संस्था म्हणून मान्य केले. म्हणजे मान्यता देणाऱ्या संस्थेलाही कोणीतरी तपासले होते. आपल्या माहितीपत्रकातील ‘जागतिक परिषदे’बाबत हाच प्रश्न विचारावा, की हिला कोणी मान्य केले आहे आणि कोणत्या देशाचे परवाना मंडळ तिचा निर्णय ग्राह्य धरते?

तपासणीची रीत साधारण अशी असते. महाविद्यालय प्रथम स्वतःच्या कामाचा सविस्तर स्वयंमूल्यांकन अहवाल तयार करते. मग प्राध्यापक, व्यवसाय करणारे कायरोप्रॅक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यांचे पथक प्रत्यक्ष येऊन काही दिवस राहते, विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोलते, बाह्यरुग्ण विभागातील केसपेपर उघडून पाहते आणि विद्यार्थ्याने केलेले निदान व त्याच्यावर देखरेख करणाऱ्या शिक्षकाची सही यांचा मेळ बसतो का, ते तपासते. पथकाच्या अहवालावर अधिस्वीकृती देणारी परिषद निर्णय घेते. तो निर्णय कायमचा नसतो. अमेरिकेत तो जास्तीत जास्त आठ वर्षांसाठी असतो, मध्ये प्रगतीचे अहवाल द्यावे लागतात आणि त्रुटी राहिल्यास सक्त ताकीद, परिवीक्षा (ठरावीक मुदतीची निगराणी), शेवटी मान्यता काढून घेणे, इथपर्यंत कारवाई होऊ शकते. हे कागदोपत्रीच राहत नाही. जॉर्जिया राज्यातील लाइफ युनिव्हर्सिटीच्या कायरोप्रॅक्टिक अभ्यासक्रमाची मान्यता २००२ मध्ये काढली गेली, विद्यार्थी मोठ्या संख्येने सोडून गेले आणि २००३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती पुन्हा मिळाली. मान्यताप्राप्त महाविद्यालयांना आपले परीक्षांचे निकाल आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जाहीर करावे लागते, म्हणून मुलीसाठी कोणतेही महाविद्यालय निवडताना ते आकडे आधी पाहावेत. आकडे मागितल्यावर जिथे टाळाटाळ होते, तिथे पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तासांविषयी, कारण खरी गोम तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, आधी कोणतेही वैद्यकीय शिक्षण न झालेल्या विद्यार्थ्यासाठी हा अभ्यासक्रम चार वर्षांचा, पूर्ण वेळ आणि किमान ४,२०० तासांचा असावा व त्यात देखरेखीखालच्या रुग्णसेवेचे किमान १,००० तास असावेत. वर्षभर दर शनिवारी व रविवारी सहा-सहा तास वर्ग भरले, एकही सुटी घेतली नाही, तरी बेरीज ६२४ तास होते. म्हणजे या डिप्लोमात शरीररचना, विकृतिशास्त्र, क्ष-किरण आणि हाताचे कौशल्य या सगळ्यांना मिळून जेवढा वेळ मिळेल, त्यापेक्षा जास्त वेळ नुसत्या रुग्णसेवेला लागतो.

हे हजार तास कशासाठी? मान किंवा कंबर कशी फिरवायची, हे त्या मानाने लवकर जमते. कोणाला हात लावायचा नाही, हे ओळखायला वेळ लागतो. आपल्या आडत बाजारात पोती वाहणारा हमाल किंवा कारखान्याच्या फडावर ऊस तोडणारी बाई ‘कमरेत उसण भरली’, ‘मणक्यात गॅप आला’ असे सांगत येते. शंभरातल्या बहुतेकांचे दुखणे साधे असते. पण त्यांच्यातच एखाद्याला मणक्याचा क्षयरोग असतो, एखाद्या वयस्क बाईचा ठिसूळ मणका दबलेला असतो, एखाद्याला कर्करोगाची गाठ असते, आणि ज्याच्या दोन्ही पायांतली ताकद गेली आहे, लघवीवर ताबा राहिलेला नाही, त्याला त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे पोहोचवावे लागते. अशा वेळी झटका दिला तर नुकसान कायमचे होऊ शकते. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या क्वचित, पण गंभीर घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. रात्री वाढणारे दुखणे, उतरणारे वजन, बारीक ताप हे विचारायची सवय अनुभवी शिक्षक शेजारी उभा असतानाच लागते, आणि तपासणी पथक केसपेपर उघडून नेमके हेच प्रश्न विचारले गेले का, ते पाहत असते.

एक गोष्ट मात्र पालकांनी लक्षात ठेवावी. अधिस्वीकृती शिक्षणाच्या दर्जाची असते. त्या उपचारपद्धतीचा प्रत्येक दावा सिद्ध झाला आहे, असा तिचा अर्थ होत नाही. कंबरदुखीवर मणक्याच्या हस्तोपचाराचा काही प्रमाणात उपयोग होतो, याला अभ्यासांचा आधार आहे. मणका ‘जागेवरून सरकल्याने’ शरीरातील रोग होतात, या जुन्या कल्पनेला तसा आधार नाही आणि २०१० मध्ये ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच तसे स्पष्ट केले. एखादे महाविद्यालय मधुमेह किंवा दमा मणक्यातून बरा करण्याची भाषा करीत असेल, तर शिक्का कोणताही असो, सावध व्हावे.

परदेशाचा विचार असल्यास ज्या देशात पुढे काम करायचे त्या देशापासून सुरुवात करावी. अमेरिकेत प्रवेशासाठी साधारणपणे आधी महाविद्यालयीन शिक्षणाचे ९० क्रेडिट लागतात, म्हणजे बारावीनंतर थेट प्रवेश होत नाही; शिकत असतानाच सुरू होणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या परीक्षा, पदवी आणि मग त्या-त्या राज्याचा परवाना, असा क्रम आहे. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने स्थापन झालेली जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि तिच्याकडे नोंदणी नसलेल्याला ‘कायरोप्रॅक्टर’ म्हणवून घेता येत नाही. ऑस्ट्रेलियात अधिस्वीकृती देणारी परिषद आणि नोंदणी करणारे मंडळ वेगळे आहे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर विसंबून न राहता, परिषदेच्या स्वतःच्या यादीत त्या अभ्यासक्रमाचे नाव आणि मान्यतेची मुदत पाहावी. मुलगी शिकून बाहेर पडेपर्यंत ती मुदत संपत असेल, तर पुढची तपासणी केव्हा आहे, हेही विचारून घ्यावे.

परत आल्यावर काय, हा प्रश्न उरतो. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही आणि आयुषच्या पद्धतींतही तिचा समावेश नाही. त्यामुळे उत्तम परदेशी पदवी घेऊन आलेल्या व्यक्तीलाही इथे त्या पदवीच्या बळावर ‘कायरोप्रॅक्टर’ म्हणून नोंदणी मिळणार नाही. मराठवाड्यातच राहून हे काम करायचे असेल, तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून फिजिओथेरपीची पदवी घेणे, हा मला सर्वांत सुरक्षित रस्ता वाटतो. त्या अभ्यासक्रमातही हस्तोपचार शिकवतात आणि राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करता येते.

प्रश्न : मी फिजिओथेरपीचा पदवीधर आहे. तीन दिवसांची कायरोप्रॅक्टिक कार्यशाळा केल्यावर पाटीवर तसे लिहिता येईल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : लिहू नये. कार्यशाळेतून आपल्या व्यवसायात उपयोगी पडणारे एखादे तंत्र आपण जरूर शिकावे. पण पाटीवर आपली नोंदणीकृत अर्हता आणि नोंदणी क्रमांक एवढेच असावे, कारण रुग्ण ती पाटी वाचून स्वतःची मान आपल्या हाती देणार आहे. मानेच्या जोरदार झटक्याचे तंत्र शिकवले जाणार असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांना दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : कोणत्या रुग्णांवर ते करू नये, हे शिकवण्यासाठी किती वेळ ठेवला आहे, आणि शेवटी प्रत्यक्ष परीक्षा कोण घेणार आहे?